चेक वटला नाही तर केस दिवाणी की फौजदारी?

दोन्ही, आणि हवं तर एकाच वेळी.

फौजदारी म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138: दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे तारखा चुकवू नका. चेक वटला नाही असा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस. ती समोरच्याला मिळून 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. एरवी फौजदारीत गुन्हा सिद्ध करायचा भार फिर्यादीवर, पण इथे चेक कुठल्या कर्जापोटी किंवा देण्यापोटी नव्हता हे समोरच्याने दाखवायचं (कलम 139). देणगी म्हणून दिलेल्या चेकला मात्र हे लागू नाही.

दिवाणी म्हणजे वसुलीचा दावा. मुदत तीन वर्षं, पण कोर्ट फी रकमेच्या हिशोबाने, आणि हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) मिळाला तरी वसुलीसाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) वेगळी. म्हणूनच बहुतेक वकील आधी 138 लावतात.