गाण्याचे ‘मायने’ बदलतात की अर्थ?

इंदूरच्या एका वाचक मुलीचा प्रश्न: “बीटल्सच्या जॉन लेननच्या हत्येनंतर ‘जस्ट लाइक स्टार्टिंग ओव्हर’चे मायने बदलले, असं मी लिहिलं. पुण्याची मावशी म्हणते, मायना पत्राला असतो, गाण्याला नाही. बरोबर कोण?”

प्रमाण मराठीपुरती मावशी बरोबर आहे. मायना म्हणजे ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’. पण इंदुरात दिवसभर कानांवर हिंदी पडते, त्यामुळे ‘मायने’ बोलण्यात येणारच. घरी, राजवाडा चौकात खुशाल बोल. अशी देवाणघेवाण मला इंदुरी मराठीचं बळ वाटते. लेखात मात्र ‘अर्थ’ लिही.

मला खरा विचार करावासा वाटतो तो ‘बदलले’ या क्रियापदाचा. ते गाणं ऑक्टोबर १९८०मध्ये आलं. जोडीदाराला म्हणणारं, की चल, पुन्हा नव्याने सुरुवात करू. ८ डिसेंबरला लेननची हत्या झाली. शब्द तेच, वाच्यार्थही (शब्दांचा सरळ अर्थ) तोच, पण ऐकणाऱ्याला त्यात आता न मिळालेलं आयुष्य ऐकू येतं. हा व्यंग्यार्थ, म्हणजे न बोलता सुचवला जाणारा अर्थ. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात दाखवलंय, की ‘सूर्य मावळला’ एवढं ऐकून कुणी गुरं आत घेतो, कुणी दुकानातला माल आवरतो, कुणी संध्येला बसतो. बोलणारा, ऐकणारा, प्रसंग, देश, काळ यांवर व्यंजना, म्हणजे काय सुचतं ते, ठरते. अशा गाण्यांत तो काळ मागाहून येतो, एवढंच.

ओअ‍ॅसिस या ब्रिटिश बँडचं ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’ १९९५च्या अल्बममधलं. मे २०१७मध्ये मँचेस्टरच्या बाँबस्फोटात २२ जणांचा बळी गेला. त्यांच्यासाठी चौकात मौन पाळून झाल्यावर एका बाईने हे गाणं सुरू केलं आणि जमाव तिच्यासोबत गाऊ लागला. मुळात ते शोकगीत नव्हे! अशा वेळी ‘गाण्याला नवा अर्थ आला’ म्हणावं. ‘बदलला’ म्हटलं की जुना अर्थ पुसल्यासारखा वाटतो. तो तर शाबूत असतो, म्हणूनच नवा मनाला इतका लागतो.

‘अर्थ बदलला’ हे स्कॉर्पियन्स या जर्मन बँडच्या ‘विंड ऑफ चेंज’ला शोभेल. १९८९च्या मॉस्कोतल्या संगीत महोत्सवातून सुचलेलं, मस्क्वा नदी नि गॉर्की पार्कपासून सुरू होणारं हे गाणं. २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर गायक क्लाउस माइनने सुरुवातीच्या ओळीच बदलल्या आणि त्यांत युक्रेन आणलं. इथे वाच्यार्थच हलला.

तेव्हा तुझं वाक्य असं कर: ‘लेननच्या हत्येनंतर या गाण्याला नवाच अर्थ आला.’