५५ टनी ट्रेलरला क्लच पेडल नसलेली गाडी घाटात चालते का?

तुम्ही विचारलंय की कळंबोली ते चाकण स्टीलच्या कॉइल वाहायला नवा ५५ टनी ट्रेलर घ्यायचाय, तर एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी) घ्यावी की मॅन्युअल, भरलेल्या गाडीला घाटात एएमटी दगा देते का, आणि डिझेलला काय फरक पडतो. एएमटी घ्या. ‘घाटात ओढत नाही’ म्हणणारे बहुतेक लोक ती भरून घाटात घेऊन गेलेलेच नसतात. मी याच लाइनवर दोन्ही चालवल्यात.

लोकांच्या डोक्यात कारचा ऑटोमॅटिक असतो, तिथेच घोळ होतो. इथे आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि तीच कोरडी क्लच प्लेट असते. प्लेट दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं कॉम्प्युटर हवेच्या दाबाने करतो. म्हणजे प्लेट यातही जळते. चढावर ब्रेक न लावता गाडी रेसवर तोलून धरायची खोड ज्याला आहे, तो एएमटीचीही प्लेट जाळणार. ज्याला नाही, त्याची टिकते.

आता खरी गोष्ट सांगतो. पावसाळ्यातला शनिवार होता. लोणावळ्याला निघालेल्या कारनी एक्स्प्रेसवे भरलेला आणि खोपोली सोडल्यावर चढाला सगळं थांबलं. एकाच शेठच्या आमच्या दोन गाड्या चाकणला निघालेल्या, दोन्हींवर कॉइल, दोन्ही फुल लोड. पुढची मॅन्युअल, तिच्यावर आमच्या गावचे मामा. मला ट्रेलर मागे घ्यायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या पायासारखा क्लच मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. मागे मी, एएमटीवर.

ट्रॅफिक एकेक गाडीच्या लांबीने सरकत होतं. मी गाडी मॅन्युअल मोडला टाकून पहिल्या गिअरवर धरली. पुढे दोन-तीन गाड्यांएवढी जागा मोकळी होईपर्यंत हलायचं नाही, हलली की प्लेट पूर्ण बसू द्यायची, मग थांबून ब्रेक. मधे कार घुसत होत्या, घुसू दिल्या. मागचे हॉर्न मारत होते, मारू दिले. ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी क्षणभर मागे येत नाही, तेवढ्यात प्लेट पकडते. क्लच तापला की मीटरवर इशारा येतो. तो शेवटपर्यंत आला नाही.

मामांना मात्र प्रत्येक वेळी अर्धा क्लच दाबूनच गाडी उचलावी लागत होती. इतकं वजन चढावर, तासन् तास, आणि पाय पन्नाशी उलटलेल्या माणसाचा. अमृतांजन पूल पाडला त्या जागेच्या अलीकडे मला वास आला. काच खाली केली तर त्यांच्या गाडीखालून धूर निघत होता. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर. क्लीनरने उडी मारून चाकांमागे दगड लावले. क्रेन येईपर्यंत अंधार पडला. मामा पावसात उभे राहून मागच्या गाड्यांना हाताने बाजूला काढत होते.

पुढचं अजून डोक्यात आहे. शेठने प्लेटचे पैसे मामांच्या पगारातून कापले. आणि माझा ट्रिपचा भत्ता कमी केला. कारण काय, तर ‘तुझ्या गाडीत क्लच नाही, ती कुणीही चालवेल’. एका दमात दोघांवर अन्याय. मामांची चूक नव्हती, त्या दिवशी त्या गाडीत कुणाचाही पाय हरला असता. आणि माझी गाडी वर पोचली ती आपोआप पोचली नाही.

क्लच गेला म्हणून कसब जात नाही. ते पायातून डोक्यात येतं. ऑटोवर सोडलेली एएमटी चढ जरा सौम्य झाला की वरचा गिअर टाकते, बदलताना ओढ तुटते, आणि पुढच्या वळणावर चढ वाढला की तिला पुन्हा खाली यावं लागतं. भरलेल्या गाडीचा सगळा जोर तिथे मरतो. पुढचं वळण मला माहीत असतं, कॉम्प्युटरला नसतं. म्हणून घाट सुरू व्हायच्या आधी गिअर मॅन्युअलवर धरायचा, हे ड्रायव्हरलाच कळायला हवं.

उतरताना तर जास्तच. डिझेल वाचवायला खंडाळ्यावरून किंवा नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांनी किती माणसं मारलीत, ते पुण्याकडच्या कुणालाही विचारा. एएमटीत हीच खोड मोडायला सोपं जातं. उताराआधीच खालचा गिअर धरून इंजिन ब्रेक लावला की आरपीएम चढा राहतो आणि इंजिनच गाडी रोखतं. ब्रेकचे ड्रम थंड राहतात. काही गाड्यांत हलक्या उतारावर गिअर आपोआप सोडायची सोय असते, तीही मॅन्युअलवर धरल्यावर मधे येत नाही.

ओढण्याच्या ताकदीवर शंका असेल तर व्होल्वोने २०१६ साली आपल्या आय-शिफ्ट या एएमटी गिअरबॉक्सला क्रॉलर गिअर, म्हणजे अगदी हळू पण प्रचंड जोराने ओढणारे गिअर दिले, ते बघा. कंपनी ३२५ टनांपर्यंतचं वजन थांबलेल्या अवस्थेतून उचलता येईल असं सांगते, आणि स्वीडनमधल्या गोटेनबर्ग बंदरात त्यांनी ७५० टन ओढूनही दाखवले. तुमच्या ५५ टनांचं काय घेऊन बसलात! जुलै २०१८ मध्ये सरकारने अॅक्सल लोड वाढवून गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ४९ ची ५५ टन केली, तेव्हा त्या वाढीव सहा टनांचा क्लच ड्रायव्हरच्याच गुडघ्याने दाबला. तेव्हा भत्ता वाढवायचं कुणाला सुचलं नाही. एसी केबिनलाही मालक लाडच म्हणत होते, शेवटी २०२५ मध्ये नव्या बनणाऱ्या ट्रकना ती सक्तीची करावी लागली.

डिझेलचं विचारलंत. चांगल्या ड्रायव्हरच्या हातात फार फरक पडत नाही, कच्च्या ड्रायव्हरच्या हातात पडतो. चार-पाच गाड्या असतील तर त्याचा फायदा दिसेल.

हो, काही गोष्टी राहिल्या. गाडी महाग पडेल. बिघडली तर कळंबोलीच्या नाक्यावरचा मिस्त्री ती उघडू शकणार नाही, कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यावा लागतो, म्हणून तुमच्या लाइनवर सर्व्हिस कुठे आहे ते आधी बघा. हवा गळत असेल तर गिअरच पडत नाही, तेव्हा एअर ड्रायर आणि पाइपांकडे दुर्लक्ष चालत नाही. खडीच्या खाणीत, चिखलात रोज जाणं असेल तर मी दोनदा विचार करेन. आणि अवजड मालाच्या हायड्रॉलिक अॅक्सल ट्रेलरवर शंभर-दोनशे टनांची मशिनरी न्यायची असेल तर ते काम वेगळं. तिथे क्रॉलर तरी हवा, नाहीतर मर्सिडीजच्या एसएलटी या अवजड ओढीच्या ट्रकसारखा तेलावर चालणारा टर्बो क्लच.

गाडी घेतलीत तर ड्रायव्हरला कंपनीच्या ट्रेनिंगला पाठवा, आणि त्या दिवसांचा भत्ता कापू नका. पहिल्या फेरीला स्वतः शेजारी बसून घाट चढा. तो गिअर कुठे धरतो, कुठे सोडतो ते बघा, आणि मग त्याचा पगार ठरवा.