चर्चगेटला दोन स्टेडियम कशाला?

प्रश्न : परवा मुंबईला गेलो होतो, चर्चगेटला उतरून ब्रेबॉर्न बघितलं आणि मग चालत वानखेडेला गेलो तर दहा-पंधरा मिनिटंच लागली. एवढ्या जवळजवळ दोन स्टेडियम कशाला बांधली असतील? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तिकिटांपायी हो, दुसरं काय!

ब्रेबॉर्न आधीचं, १९३७ चं, समुद्रात भर घालून काढलेल्या जागेवरचं. जागा मागताना क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या अँथनी डिमेलोंनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नना विचारलं म्हणे, सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःला अमरत्व, आणि साहेबांनी बरोबर दुसरं उचललं. पण मैदान त्या क्लबचं आणि मॅचमध्ये हिस्सा मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनला पण हवा, त्यामुळे कुणाला किती सीट यावरून दरवेळी वाजायचं. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडेंनी वैतागून आपलं वेगळं स्टेडियमच उभं केलं, जानेवारी १९७५ मध्ये पहिली टेस्ट, वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ ठोकून आपल्याला धू धू धुतलं. आपला कॅप्टन पतौडीची ती शेवटची टेस्ट. ब्रेबॉर्नला मात्र १९७३ नंतर थेट डिसेंबर २००९ मध्ये टेस्ट मिळाली, ती पण वानखेडेचं काम चालू होतं म्हणून, आणि सेहवाग २९३ वर आउट झाला (अजून सात केल्या असत्या तर काय बिघडलं असतं!).

हसू नका, आपलं पुण्यात पण तेच झालं. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं, मॅच भरवणार महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन, परत तिकिटांवरून तणातणी, आणि २०१२ पासून आपण मॅचला असोसिएशनच्या गहुंजेच्या स्टेडियमला जातो. नेहरूवरची शेवटची वनडे २००५ ची, श्रीलंकेबरोबर.

पण मला आठवते ती तिथलीच २९ फेब्रुवारी १९९६ ची, वर्ल्ड कपमधली केनिया-वेस्ट इंडिज. केनियाच्या १६६, त्यात ३७ तर एक्स्ट्रा, म्हटलं लवकर आटपेल, घरी जाऊन जेवू. केनियाचा कीपर म्हणजे गोल पोटाचा, चष्मेवाला, बॉल नुसते हातातून सुटत होते त्याच्या, लोक फिदीफिदी हसतायत, आणि नेमका लाराचा कॅच त्यानेच धरला, मग काय, अख्खं स्वारगेट केनियाचं झालं. वेस्ट इंडिज ९३ ऑल आउट.