गुरुवारचं फाटक, रविवारचं दार

प्रिय लेकी,

सप्रेम सलाम.

परवाच्या सभेत पाळकसाहेबांनी तुझं नाव घेतलं तेव्हा मी मागच्या बाकावर होते. आपल्या चर्चमधलं रविवारचं स्वागत आणि गुरुवारचे डबे, दोन्ही कामं आता तुझ्याकडे. सभा सुटल्यावर तू मला जिन्यात गाठलंस आणि विचारलंस, "बाई, सुरुवात कुठून करू?" त्या प्रश्नाचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येत नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी हे काम आपल्याकडे आलं कसं ते ऐक. तू तेव्हा रांगत असशील. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आम्ही नंतर पेपरात वाचलं. त्या संध्याकाळी एवढंच दिसत होतं की दादरच्या हिंदमाताकडचं पाणी हटत नाही आणि माणसं एकमेकांचे हात धरून रस्ता चाचपत चालली आहेत. आपल्या रखवालदाराने कुणालाही न विचारता फाटक उघडलं. रात्रीपर्यंत सगळे बाक भरले, मग सतरंज्या भरल्या. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. पहाटे एका कोपऱ्यात एका गृहस्थांना नमाज पढायची होती, तर पाळकीणबाईंनी त्यांना आपल्या घरातली कोरडी चादर आणून दिली. गुरुवारी लोक आपापल्या घरी गेले आणि स्वयंपाकघरात थोडे तांदूळ, थोडी डाळ उरली. महिला मंडळाने त्याची खिचडी केली आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्यांना नेऊन वाढली. पुढच्या गुरुवारी काहीच उरलेलं नव्हतं, तरी खिचडी केली. गुरुवार ठरला तो असा.

टाटा हॉस्पिटल १९४१ पासून परळला उभं आहे. बिहार, बंगाल, आसाम, आपलं विदर्भ, मराठवाडा, कुठून कुठून माणसं येतात. आजाऱ्याला आत खाट मिळते किंवा मिळत नाही, पण सोबत आलेल्याला मुंबईत कुणीच नसतं. पहिली काही वर्षं आम्ही त्यांना भुकेली माणसं समजत होतो. ती भुकेली असतातच, पण नुसती भुकेली नसतात. केसपेपरवर काय लिहिलंय ते कुणीतरी वाचून सांगावं, दादरला उतरून कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते कळावं, गावी फोन लावायला चार्जिंग मिळावं, आणि अर्धा तास कुणीतरी शेजारी बसावं, एवढंच हवं असतं. डबा हे शेजारी बसण्याचं निमित्त आहे. म्हणून डबे वाटायला चार माणसं पुरत असली तरी तू आठ ने. चौघांनी वाटावं, चौघांनी बसावं.

राहायची सोय विचारतील. ती आपल्याकडे नाही, हे स्पष्ट सांग, उगाच आशा लावू नकोस. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा कितीतरी वर्षं अशा रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते आहे. तिथे कसं जायचं, कोणते कागद लागतात ते आधी स्वतः जाऊन विचारून घे. आपल्याला जे जमत नाही ते दुसरा कुणी चांगलं करत असेल, तर त्याच्या दारापर्यंत माणसाला पोचवणं हीही सेवाच.

साबुदाण्याची गोष्ट तुला कुणी सांगितली असेल, तरी माझ्याकडून ऐक. गुरुवारी अनेकांचा उपवास असतो. दत्ताचा, साईबाबांचा. घरात कॅन्सर शिरला की माणूस होते नव्हते ते सगळे उपवास धरतो. ही माणसं आपला डबा हातात घ्यायची आणि शेजारच्याला देऊन टाकायची. आमच्या लक्षात यायलाच खूप दिवस गेले. मग कुणीतरी म्हणालं, साबुदाण्याची खिचडी वेगळी करू. यावर वडीलमंडळात, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांत, केवढा वाद झाला! चर्चच्या चुलीवर दुसऱ्या देवाच्या उपवासाचं रांधायचं का, असं विचारलं गेलं. विचारणारे वाईट नव्हते, त्यांना खरंच अवघड वाटत होतं. तेव्हा आपल्या स्वयंपाक करणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, "पाहुणा काय खातो ते बघून रांधतात, साहेब." वाद तिथेच मिटला. डब्याच्या झाकणावर लाल दोरा बांधला की तो उपवासाचा. आणि किमो चालू असलेल्यांसाठी बिनतिखटाचं पातेलं वेगळं, त्यांच्या तोंडाला फोड आलेले असतात. तिखटाचा चमचा चुकूनही त्यात जाऊ देऊ नकोस.

आता जे सांगते त्यावर मी ठाम आहे आणि तूही राहावंस अशी माझी इच्छा आहे. डब्याबरोबर पत्रक द्यायचं नाही. कुणी म्हणेल, "मग हे चर्चचं काम कसं?" त्याला नागपाडा दाखव. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली. शंभरएक वर्षांनी त्याच मिशनने नागपाड्यात नेबरहूड हाउस काढलं. मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती अशी दाट मिश्र वस्ती, आणि घर सगळ्यांना खुलं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट मिशनरी होते, पण आधी वस्तीला काय हवंय ते बघावं, मग हात घालावा, ही त्यांची रीत. १९३६ साली समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था याच कामातून उभी राहिली, आज सगळे तिला टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणून ओळखतात. मुंबईतल्या मिशनच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो या पानाचा. तिथे कुणाचा धर्म मोजला गेला नाही, आणि तरी ते मिशनचंच काम होतं.

कुणी आपणहून प्रार्थना करा म्हणालं तर जरूर कर. आधी आजाऱ्याचं नाव विचार, नाव घेऊन कर, थोडक्यात कर. बरं होईल असं वचन देऊ नकोस, ते देणारी तू कोण आणि मी कोण? आणि औषध सोडा, किमो नको, नुसती प्रार्थना पुरे, असं बोलणारा आपल्या गटात कुणी सापडला, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठव. माझ्या काळात एकदा असं झालं होतं. चांगला गाणारा, चांगला मुलगा होता. मी त्याला पुन्हा तिथे उभं राहू दिलं नाही.

डबा घेणाऱ्यांचे फोटोही काढायचे नाहीत, वार्षिक अहवालासाठीसुद्धा नाहीत. किती डबे गेले तो आकडा छापावा.

हे झालं गुरुवारचं. रविवारचं सांगण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. ही गोष्ट मी आजवर फक्त पाळकसाहेबांना सांगितली आहे.

साधारण पंधरा वर्षं झाली. यवतमाळकडची एक बाई होती, नवऱ्याच्या घशाचं दुखणं. दर गुरुवारी बाजूच्या फाटकाशी यायची, दोन डबे न्यायची, एक लाल दोऱ्याचा. मी तिला ओळखत होते, तिच्या नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी करत होते. एका रविवारी मी स्वागताला मोठ्या दारात उभी होते, हातात उपासनेच्या पत्रिका. ती पायऱ्या चढून आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. आणि मी तिला म्हणाले, "ताई, डबे गुरुवारी असतात. आज उपासना आहे."

ती म्हणाली, "मी उपासनेलेच आली जी."

मी पत्रिका पुढे केली, हसले, आत ये म्हणाले. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. ती शेवटच्या बाकाच्या टोकाला बसली आणि आशीर्वादाआधीच उठून गेली. पुढच्या गुरुवारी तिच्याऐवजी दुसरंच कुणी तिचे डबे घेऊन गेलं. त्यानंतर ती माणसं गावी परतली. तिची क्षमा मागायची राहिली ती राहिलीच.

मी त्यावर खूप विचार केला. मी दुष्टपणे बोलले नव्हते. पण माझ्या मनात दोन दारं होती. बाजूच्या फाटकाने घेणारे येतात आणि मोठ्या दाराने आपले येतात. तिने दार बदललं आणि मला ती चुकून आली असं वाटलं. परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतलंत, असं प्रभू ज्यांना म्हणेल त्यांची गोष्ट मी शब्बाथशाळेत तुम्हा मुलांना किती वेळा शिकवली होती!

त्यानंतर आम्ही एक नियम केला. गुरुवारी जे वाढतात तेच रविवारी दारात उभे राहतील. रविवारच्या यादीत ज्याला आपलं नाव हवं त्याने महिन्यातून दोन गुरुवार फुटपाथवर बसायचं. काही जण कुरकुर करतील, नोकरीचं कारण सांगतील. ज्यांना खरंच जमत नाही त्यांना चहाचं काम दे, पण दार देऊ नकोस. सगळं सोडलंस तरी हा नियम सोडू नकोस.

दारात उभं राहिल्यावर काय करायचं ते तुला येतं, तू माणसांत रमणारी आहेस. काय विचारायचं नाही तेवढं सांगते. आडनाव विचारायचं नाही. आपल्या मराठी माणसाला नाव कळलं की लगेच "पूर्ण नाव?" असं विचारायची सवय आहे, आणि ते का विचारलं जातं हे ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आयुष्यभर तो त्याच प्रश्नाला तोंड देत आलेला असतो. मग "गाव कुठलं?", मग "गावात कुठे राहता?" ख्रिस्ती झालो म्हणून ही सवय आपल्यातून गेली, असं मी तुला खोटं सांगणार नाही. लग्नं जमवताना आपल्या मंडळीत काय चालतं ते तूही बघतेसच. निदान दारात तरी नको. त्याने सांगितलं तेवढं नाव घे आणि पुढच्या रविवारी त्याच नावाने हाक मार.

नवीन माणूस पायांकडे बघत थबकला तर समज, चपला काढायच्या का हे त्याला कळत नाहीये. आपण घालूनच जातो, पण त्याला काढून जावंसं वाटलं तर काढू दे, त्याच्या मनात ते मंदिराचं दार आहे. एक छोटी मांडणी ठेवून दे. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याचा, रविवार असेल तर उपासना सुरू होण्याआधीच हळूच सांग की हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल. नाहीतर प्रसाद समजून माणूस उठतो आणि भर मंडळीत त्याला थांबवायची वेळ येते. अर्पणाचं तबकही त्याच्यासमोर रेंगाळू देऊ नये. "आज नवीन आलेल्यांनी उभं राहावं" ही घोषणा बंद कर, पाळकसाहेबांशी मी बोलले आहे. आणि आपल्यातल्या जुन्या घराण्यांना ठरलेले बाक सोडायला लाव. हे सगळ्यात कठीण. गोडीने कर.

गाणाऱ्यांना माझा निरोप दे: महिन्यातून एकदा तरी पेटी, तबला, टाळ काढा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथेच मुंबईत झाला, आणि त्यांनी अभंगाच्या चालीत ख्रिस्त गायला. पंढरपूरच्या वाटेवरून आलेला माणूस ती चाल ऐकली की मान डोलावतो, मी पाहिलं आहे. शेवटी शेवटी, १९१७ साली, टिळकांनी देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आपली मंडळी तिथवर जाईल का, मला सांगता येत नाही. पण शेवटच्या बाकावर वर्षानुवर्षं येऊन बसणारा आणि कधीच बाप्तिस्मा न घेणारा एखादा माणूस तुला भेटेल. त्याला "मग कधी?" असं विचारू नकोस. त्याची जागा ठेव, आजारी पडला तर भेटायला जा.

उपासना संपल्यावर पहिली दहा मिनिटं आपल्या मैत्रिणींशी बोलायचं नाही, एवढं मात्र सगळ्या तरुण संघाला बजाव. नवीन माणूस निघून जातो तो त्याच दहा मिनिटांत.

बाजूच्या फाटकाच्या दोन किल्ल्या रखवालदाराकडे आहेत, एक तू घे. पावसात कुलूप अडकतं, खोबरेल तेलाचे दोन थेंब सोड. या गुरुवारी मी येईन, गुडघे चालू देतील तितका वेळ बसेन. साबुदाणा बुधवारी रात्रीच भिजवावा लागतो, पाणी अगदी बेताचं, दाणे जेमतेम बुडतील एवढंच. मावशी सांगतीलच, पण पहिल्यांदा आहे, तू साडेनऊपर्यंत पोच.

तुझी,
बाई