ट्रक कॅम्परचे टाय-डाऊन आणि वायरिंग स्वतः करावं की शॉपला पैसे द्यावे?

तुम्ही लिहिलंय की फोर्डचा एफ-350 ट्रक आहे, सेकंडहँड ट्रक कॅम्पर (ट्रकच्या मागच्या हौद्यात, म्हणजे बेडमध्ये, बसवायची राहण्याची खोली) घेतलाय, आणि टाय-डाऊन (कॅम्पर ट्रकला बांधून ठेवायचे आधार) नि वायरिंग मिळून शॉपवाल्याने नऊशे डॉलर नुसती मजुरी सांगितली, तर स्वतः जमेल का. मी कोलोरॅडोत राहतो, माझ्याकडेही फोर्डच आहे. पहिल्या ट्रकला मी दोन्ही कामं शॉपला दिली होती, नंतर वायरिंग सगळं उपटून परत केलं आणि आत्ताच्या ट्रकला टाय-डाऊनही स्वतःच लावले. माझं मत विचाराल तर दोन्ही स्वतः करा, फक्त वायरिंगला अख्खा शनिवार-रविवार द्या, संध्याकाळी ऑफिसातून येऊन घाईत करायचं काम नाही ते.

टाय-डाऊन म्हणजे नटबोल्टचंच काम. बेडच्या पत्र्याला लागणारे घेऊ नका, फ्रेमला, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याला लागणारे घ्या. 2017 पासून सुपर ड्यूटीची (एफ-350 याच मालिकेतला) बॉडी अॅल्युमिनियमची आहे, आणि सामान-पाणी भरलेला कॅम्पर तीन हजार पौंडांच्या वर सहज जातो, वळणावर तो कलला की सगळा हिसका टाय-डाऊनवर येतो, पत्र्याचं काम नाही ते. बहुतेक किटमध्ये फ्रेमला आधीपासून असलेली भोकंच वापरतात. अडचण एकाच ठिकाणी येते, फ्रेमच्या पोकळीत हात जात नाही. त्यासाठी माझ्या किटमध्ये टोकाला स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक तार होती, ती भोकातून आत घालून शेजारच्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, बोल्टचे आटे त्या गुंडाळीत फिरवून बसवायचे आणि हळूहळू ओढत बोल्ट जागेवर आणायचा. हिसका दिला की बोल्ट सुटून फ्रेममध्ये पडतो, मग चुंबकाची काठी घेऊन शोधत बसावं लागतं. मला चारही लावायला साडेचार तास लागले. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) नसेल तर ऑटो पार्ट्सच्या दुकानात डिपॉझिट भरून मिळतो. शंभरेक मैल चालवलं की सगळे बोल्ट परत चेक करा. टर्नबकल (कॅम्परची कडी टाय-डाऊनला ताणून बांधणारा फिरवायचा आकडा) मात्र करकचून आवळू नका, कॅम्परच्या कड्या ज्या लाकडी चौकटीत बसवलेल्या असतात तीच उखडते. आणि बेडमध्ये रबरी मॅट टाकाच, घसरणं निम्मं तिथेच थांबतं.

आता वायरिंग, म्हणजे ट्रकमधून कॅम्परची बॅटरी चार्ज करणारी वायर आणि लाइटची जोडणी. शॉपने करून दिल्यावर दोन महिन्यांनी आम्ही डेन्व्हरहून मोआबला गेलो, सहा तास गाडी चालवली आणि पोचलो तर कॅम्परची बॅटरी जवळजवळ रिकामी, रात्री फ्रिज बंद, मुलीच्या दुधाचं काय करायचं हा प्रश्न. इंजिन चालू ठेवून, कॅम्पर जिथे जोडतो त्या ट्रकच्या सॉकेटवर मीटर लावला तर 13.8 व्होल्ट, म्हणजे सगळं ठीक वाटतंय. घरी आल्यावर सॉकेटला हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब जोडून परत मोजलं, व्होल्टेज धाडकन 9 वर. खाली शिरून बघितलं तर सोलायला नको म्हणून वायरवर नुसता दाबून बसवायचा टॅप कनेक्टर होता, त्याच्या पात्याने अर्धी वायर कापलेली, उरलेल्या चार तारांवर कल्हई गेलेल्या पितळी भांड्यासारखी हिरवी कळक. आणि ट्रकच्या बॅटरीपाशी फ्यूजच नव्हता! ती वायर कुठे घासून फ्रेमला लागली असती तर आग लागली असती, हे मला आजही झोंबतं.

म्हणून नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका, लोड (बल्बसारखं वीज खाणारं काही) लावून मोजा. 10 गेजच्या वायरीत (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) वीस फूट अंतर आणि 20 अँपिअर धरले तर जाऊन-येऊन साधारण 0.8 व्होल्ट वाटेतच जातात, 6 गेजला 0.3 च्या आसपास. मी 6 गेजची पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशी जोडी थेट ट्रकच्या बॅटरीपासून मागे नेली, अर्थिंगसाठी फ्रेमवर अवलंबून राहिलो नाही, बॅटरीपासून वीतभर अंतरात 40 अँपिअरचा ब्रेकर टाकला आणि बेडमध्ये अँडरसन प्लग (जाड वायरींसाठीचा दणकट जोड) दिला, कारण इतकी जाड वायर सात पिनच्या सॉकेटमध्ये नीट बसत नाही. कॅम्परमध्ये लिथियम बॅटरी असेल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (ट्रकमधून येणारं व्होल्टेज कॅम्परच्या बॅटरीला हवं तसं करून देणारा) हवाच. काम सुरू करण्याआधी ट्रकच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

लाइटच्या वायरी मात्र कापू नका. बंपरच्या सात पिन सॉकेटच्या मागे खटकन बसणारा टी-हार्नेस (वायर न कापता फाटा काढून देणारा तयार जोड) मिळतो, तो घ्या, त्याची दुसरी बाजू बेडच्या पुढच्या भिंतीपर्यंत येते. वॉरंटीची काळजी वाटत असेल तर अमेरिकेच्या 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे तिला दाखवावं लागतं. पण कापलेली वायर दिसली की वाद वाढतो.

आणि रंगांवर जाऊ नका. ट्रेलरच्या पद्धतीत तपकिरी वायर टेललाइटची असते, आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या) पद्धतीत तीच उजव्या इंडिकेटरची. पांढरी दोन्हीकडे अर्थिंगची. कॅम्पर सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने काय जोडलंय कोण जाणे, त्यामुळे एकेका पिनला टेस्ट लॅम्प लावून कागदावर लिहून घ्या आणि मगच प्लग जोडा. ट्रक कुठल्या वर्षाचा आहे ते सांगितलंत तर हार्नेस कुठला बसेल ते बघून सांगतो.