कंपनीच्या मूळ कार स्टिरिओला बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर कसा जोडावा?

रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणे स्टिरिओशी जोडलेली असल्यामुळे तुम्हाला तो बदलायचा नाही, त्याच्या मागे आरसीए सॉकेट (अ‍ॅम्प्लिफायरकडे हलका सिग्नल नेणारी गोल सॉकेट) नाहीत, चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर तुम्ही घेतलेला आहे आणि वायरिंग करणाऱ्याने स्पीकरच्या सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र करून बॉडीला अर्थ करण्याचे सुचवले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. बाकीचे काम नीट होण्यासारखे आहे, परंतु ही शेवटची सूचना कृपया मुळीच मान्य करू नका.

आजच्या जवळजवळ सर्व मूळ स्टिरिओंमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी आतल्या अ‍ॅम्प्लिफायर चिपमधून चालवल्या जातात, म्हणजे ज्या वायरीला आपण निगेटिव्ह म्हणतो तीही अर्थ नसते. स्टिरिओ चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा आणि स्पीकरची एक वायर व गाडीची बॉडी यांच्यामध्ये मोजा; साधारण ६ व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास दिसतील, दुसऱ्या वायरीवरही तेवढेच दिसतील आणि दोन वायरींमधला फरक मात्र शून्याजवळ असेल. अशी वायर बॉडीला टेकवणे म्हणजे चिपचे आउटपुट शॉर्ट करणे होय. चिपमधील संरक्षण दर वेळी वाचवेलच याची खात्री नसते, आणि मग जो स्टिरिओ वाचवण्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे तोच निकामी होतो.

सिग्नल घेण्यासाठी तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला हाय लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरी थेट घेणारे इनपुट, आहे का ते आधी त्याच्या पुस्तिकेत पाहा. असल्यास तेच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मध्ये आणखी एक उपकरण आले की आवाजात भर पडत नाही, बिघाडाची एक जागा मात्र वाढते. नसल्यास लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरच्या वायरींवरचा सिग्नल आरसीएच्या हलक्या सिग्नलमध्ये बदलणारे उपकरण) लावावा लागतो. तो घेताना रिमोटचे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला चालू होण्याची खूण करणारे, १२ व्होल्ट देणारा घ्या. अनेक अ‍ॅम्प्लिफायर आणि कन्व्हर्टर वर सांगितलेले ६ व्होल्ट ओळखूनच आपोआप चालू होतात, त्यामुळे रिमोटची वेगळी वायर ओढावी लागत नाही. ही सोय नसेल, तर चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून रिमोट घ्यावा. सतत चालू असलेल्या वायरीवरून घेतल्यास बॅटरी उतरते.

जोडणी शक्यतो स्टिरिओच्या मागेच करा आणि गाडीच्या मॉडेलसाठी मिळणारा टी हार्नेस (मूळ कनेक्टरांच्या मध्ये बसणारा तयार वायरींचा जोड) वापरा, म्हणजे मूळ वायरी कापाव्या लागत नाहीत. स्टिरिओचे आउटपुट अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला जाते आणि अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट मूळ वायरींवरून स्पीकरकडे परत येते, म्हणून या दोन बाजू पूर्णपणे वेगळ्या झाल्या पाहिजेत. एकाच वायरीवर स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर या दोघांचीही आउटपुट जोडलेली राहिली, तर नुकसान ठरलेलेच आहे. पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले, तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये. काही स्टिरिओ स्पीकर जोडलेला आहे की नाही हे तपासतात आणि तो न सापडल्यास चॅनेल बंद करतात. तसे झाल्यास लोड रेझिस्टर (स्पीकरच्या जागी भार दाखवणारा रोध) किंवा अंगचा लोड असलेला कन्व्हर्टर लागतो.

ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ती गोष्ट म्हणजे मूळ सिग्नलचा स्वभाव. लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून काही कंपन्या आवाज वाढत जाईल तसा खालचा बास मुद्दाम कमी करतात, आणि हा कापलेला बास अ‍ॅम्प्लिफायर परत आणू शकत नाही. हे तपासणे सोपे आहे: ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन वायरींमध्ये लावा, आवाज एकेक पायरीने वाढवा, आणि मग तेच ४०० हर्ट्झच्या सुरावर करा. वरच्या सुराचे व्होल्टेज वाढत राहिले आणि खालच्याचे मध्येच अडले, तर बास कापला जात आहे. अशा वेळी हा दोष भरून काढणारा सिग्नल प्रोसेसर लावल्याखेरीज समाधानकारक परिणाम मिळणार नाही. पुढचे ट्विटर आणि वूफर वेगवेगळ्या चॅनेलवर असतील, तर तुम्ही घेतलेल्या वायरीवर पूर्ण सूर येतो का, हेही याच पद्धतीने कळते.

पॉवरच्या बाजूला काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी हाताशी ठेवा. चार चॅनेलना प्रत्येकी ५० वॉट आरएमएस (सलग मिळणारी शक्ती), म्हणजे एकूण २०० वॉट धरले आणि क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के मानली, तर १३.८ व्होल्टला सुमारे १८ अँपिअर लागतात. त्यासाठी ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीचा रोध दीडपटीहून थोडा अधिक असतो, म्हणून ती घ्यायचीच असेल तर जाड गेजची घ्या. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून वायरीसाठी असतो: पुढे कुठे वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर आग लागण्याआधी उडणारी तीच एक वस्तू आहे. त्याच कारणाने इंजिनकडून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच न्यावी. अर्थची वायर तेवढ्याच गेजची आणि शक्य तितकी आखूड ठेवावी, पत्र्यावरचा रंग खरवडून बोल्टने घट्ट आवळावी. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नये. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्यावी. इतके करूनही इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर प्रथम अर्थचा जोड पुन्हा तपासा. फिल्टर विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा.

अ‍ॅम्प्लिफायरवरचा गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, तो येणाऱ्या सिग्नलशी जुळवून घेण्यासाठी असतो. स्पीकर सोडवून, क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारा फिल्टर) आणि बास बूस्ट बंद करून, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा आणि ४०० हर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या सुरावर अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटचे एसी व्होल्ट मोजत गेन मर्यादेपर्यंतच वाढवा. ५० वॉट आणि ४ ओहमसाठी ही मर्यादा सुमारे १४.१ व्होल्ट येते, कारण वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. तुमचे स्पीकर ५० वॉट आरएमएस पेलणारे नसतील, तर त्यांच्या क्षमतेने हाच हिशेब करून आकडा खाली आणा, आणि मूळचे कागदी स्पीकर तसेच ठेवणार असाल तर ८० हर्ट्झच्या आसपासचा हाय पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा, त्यांना नक्की लावा.