टाचेची शीर का रेंगाळते?

प्रश्न : वय ४१. गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या कबड्डीत चढाईला गेलो आणि मागून कुणीतरी टाचेवर सणसणीत लाथ घातली असं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही, गडी सगळे समोर. टाचेची शीर तुटली होती. ऑपरेशनला १४ आठवडे झाले. जखम भरली, पण एका पायावर टाच उचलत नाही आणि जोडाच्या जागी जाड गाठ लागते. मेव्हण्याचं मनगटाचं हाड ६ आठवड्यांत जुळलं. माझीच शीर का रेंगाळते? डिंकाचे लाडू चालू आहेत. आणि डॉक्टरांनी ‘अलीकडे कुठली अँटिबायोटिक घेतलीत का’ असं का विचारलं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘मागून लाथ बसली’ हे वाक्य या दुखापतीचे निम्मे पेशंट तरी म्हणतात. चढाईवरच्या गड्याकडून मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं.

आपण तिला शीर म्हणतो, पण शिरेत रक्त वाहतं आणि हिच्यात नेमकी त्याचीच वानवा. पुस्तकातलं नाव कंडरा. पोटरीचा जोर टाचेच्या हाडापर्यंत नेणारा हा कोलॅजनचा दोर. टाचेपासून २ ते ६ सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा सगळ्यात तोकडा, आणि तुटते ती बहुधा तिथेच.

शिवाय हा दोर जुना असतो. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे १९५५ ते १९६३ या काळात वातावरणातलं कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वाढलं आणि अन्नातून माणसांच्या अंगात उतरलं. त्यामुळे शरीराचा कुठला भाग कधी घडला, हे त्यातल्या कार्बन-१४ वरून ओळखता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्यांच्या कंडरेत ते मोजलं. २०१३ साली त्यांनी दाखवून दिलं की कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत बांधून होतो, पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे तुमचं तुटलं ते बारावीतलं कोलॅजन!

मेव्हण्याचं हाड मोडलं तिथे पुन्हा हाडच तयार झालं. कंडरेच्या जागी आधी व्रण तयार होतो. पहिल्या काही दिवसांत रक्ताची गुठळी, पांढऱ्या पेशींची साफसफाई, आणि टीजीएफ-बीटासारख्या प्रथिनांची हाकाटी. ती ऐकून आजूबाजूच्या आवरणातून पेशी येतात आणि घाईघाईने तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन विणतात : बारीक, वेडंवाकडं. साधारण सहाव्या आठवड्यापासून त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं, ताणाच्या दिशेने ओळीत लागलेलं कोलॅजन येऊ लागतं. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. तुमची गाठ म्हणजे हीच अर्धवट वीण. माल कमजोर आहे म्हणून शरीर तो जास्त घालतं. तिला घाबरू नका. १४ आठवड्यांना एका पायावर टाच न उचलणंही नेहमीचंच.

ही दिशा पेशींना कळते ती ओढीतून. ओढ अजिबात नसेल तर त्याच पेशी कोलॅजन कुरतडणारी एन्झाइम्स सोडतात. उलट फार लवकर जोर दिला तर जोड लांबतो आणि पोटरी कायमची ढिली पडते. म्हणून फिजिओथेरपिस्टने दिलेलं माप पाळा. कमी नको, जास्तही नको.

हे मी स्वतःच्या चुकीतून सांगते. नारळ सोलताना कोयता निसटून माझ्या अनामिकेची वाकवणारी कंडरा तुटली. बोटात ती अरुंद नळीतून सरकते, त्यामुळे बाहेरून आलेल्या पेशी तिला जोडतात तशाच नळीच्या भिंतीलाही चिकटवतात. टाके उसवतील या भीतीने डॉक्टर असूनही मी व्यायाम चुकवले. अजून ते बोट मुठीत पूर्ण येत नाही. बाजारातली पिशवी तीन बोटांवरच.

लाडू खा, पण सोबत आवळा किंवा पेरू असू द्या. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजनचा पीळ घट्ट बसत नाही. तंबाखू असेल तर आजच सोडा.

आता त्या प्रश्नाबद्दल. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या गोळ्यांनी क्वचित कंडरा कमजोर होते, विशेषतः साठीपुढे किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. बहुतेकांना काहीच होत नाही. तरी पुढे कधी लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी गोळ्या लिहून मिळाल्या, तर टाचेची शीर तुटली होती हे आधी सांगा.